हॉट रॉडच्या सस्पेन्शनसाठी बोल्टची निवड : सुरक्षितता आणि काटकसर

प्रस्तावना

जुन्या मोटारीचा सांगाडा घ्यावयाचा, तिचे अनावश्यक भाग उतरवावयाचे आणि अधिक शक्तीचे इंजिन बसवून ती वेगवान करावयाची, अशा प्रकारे घडविलेल्या गाडीला अमेरिकेत ‘हॉट रॉड’ म्हणतात. दक्षिण कॅलिफोर्नियातील म्युरॉकसारख्या कोरड्या सरोवरांच्या तळावर १९३० च्या दशकात हा छंद रुजला. १९३७ मध्ये तेथील क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशनची स्थापना केली. १९३२ ची फोर्ड ही या छंदिष्टांची विशेष आवडती गाडी होय. तिचे मूळ व्ही-८ इंजिन ६५ अश्वशक्तीचे व ब्रेक यांत्रिक होते. आज त्याच सांगाड्यावर कित्येक पट शक्तीचे इंजिन आणि डिस्क ब्रेक बसविले जातात. साहजिकच आस आणि चौकट यांना जोडणाऱ्या दुव्यांवरील भारही वाढतो.

हे काम बहुधा घरच्या गॅरेजमध्ये, मर्यादित बचतीतून होते. कारखान्यातील चाचण्यांचे पाठबळ त्यामागे नसते. सस्पेन्शनचा एक बोल्ट तुटला तर चाकावरील नियंत्रण सुटते आणि त्याची किंमत गाडीतील माणसांना मोजावी लागते. म्हणून सर्वांत महाग बोल्ट घेणे हाच सुरक्षिततेचा मार्ग, असा समज सर्वत्र आढळतो. हा समज कितपत खरा आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बोल्टची प्रतवारी

अमेरिकेत इंची बोल्टची प्रतवारी एसएई जे४२९ या मानकाने ठरते. ग्रेड ५ च्या बोल्टच्या डोक्यावर तीन व ग्रेड ८ च्या डोक्यावर सहा त्रिज्य रेषा असतात. १/२ इंच व्यासाच्या बोल्टची किमान ताणशक्ती ग्रेड ५ मध्ये दर चौरस इंचास १,२०,००० पौंड, तर ग्रेड ८ मध्ये १,५०,००० पौंड असते. मेट्रिक पद्धतीतील ८.८ व १०.९ हे वर्ग स्थूलमानाने यांच्या तोडीचे मानता येतात.

ग्रेड ८ ठिसूळ असतो, म्हणून सस्पेन्शनसाठी तो वापरू नये, असे अनेकदा सांगितले जाते. मानकातील आकडे या मताला दुजोरा देत नाहीत. तुटण्यापूर्वीची किमान लांबवाढ ग्रेड ५ साठी १४ टक्के, तर ग्रेड ८ साठी १२ टक्के आहे. हा फरक अल्प आहे. उलट, ज्या भाराखाली ग्रेड ५ चा बोल्ट वाकू लागतो, तो भार ग्रेड ८ चा बोल्ट न वाकता सोसतो.

प्रत्यक्ष भाराचा अंदाज

समजा, गाडीचे वजन १,१०० किलो असून जोराने ब्रेक लावताना ६५ टक्के भार पुढील चाकांवर येतो. मंदन गुरुत्वत्वरणाइतके धरल्यास प्रत्येक पुढील चाकाशी सुमारे ३६० किलो बल निर्माण होते. चाकाची त्रिज्या ३३ सेंमी असून आस धरणारे दोन दुवे आसाच्या वर व खाली मिळून १५ सेंमी अंतरावर असतील, तर खालच्या दुव्यावर सुमारे ९७० किलो बल येते.

१/२ इंची ग्रेड ५ बोल्ट एकाच छेदातून कातरून तोडण्यास सुमारे ६,४०० किलो बल लागते (कर्तनशक्ती ताणशक्तीच्या ६० टक्के धरून). खड्ड्यातील आघातासाठी भार तिप्पट धरला तरी बोल्ट कातरला जात नाही. मग बोल्ट तुटतात ते का? याचे उत्तर बोल्टच्या प्रतीपेक्षा जोडणीच्या रचनेत शोधावे लागते.

एकेरी व दुहेरी आधार

दुव्याचा डोळा ब्रॅकेटच्या एकाच बाजूस असेल, तर बोल्ट भिंतीतून बाहेर आलेल्या खुंटीसारखा वाकतो. डोळ्याचा मध्य ब्रॅकेटपासून २५ मिमी दूर असून नट सैल झाला असेल, तर वरील ९७० किलो बलाने बोल्टच्या पृष्ठभागी सुमारे १,१८० मेगापास्कल प्रतिबल निर्माण होते. ग्रेड ८ ची ताणशक्तीही सुमारे १,०३४ मेगापास्कलच आहे. म्हणजेच येथे महाग बोल्टही वाचवू शकत नाही. डोळा दोन पत्र्यांच्या मध्ये धरल्यास मात्र भार दोन छेदांत विभागला जातो आणि बोल्टचे वाकणे बरेच कमी होते. यासाठी लागतो तो केवळ पोलादी पत्र्याचा एक तुकडा व थोडे चांगले वेल्डिंग.

बोल्टचे आटे कर्तनाच्या छेदात येऊ देऊ नयेत. १/२ इंची, इंचास १३ आटे असलेल्या बोल्टमध्ये आट्यांच्या मुळाशी क्षेत्रफळ सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. शिवाय प्रत्येक खाचेत प्रतिबल एकवटून धातूच्या थकव्याची चीर तेथूनच सुरू होते. गुळगुळीत दांडा पुरेशा लांबीचा असलेला बोल्ट घेऊन उरलेली लांबी वॉशरने भरून काढावी. आरंभापासून अंतापर्यंत आटे असलेला बोल्ट येथे वापरू नये.

आवळण्याचे महत्त्व

चांगल्या जोडणीत दुव्यावरील बल प्रामुख्याने घर्षण पेलते. इंचास १३ आटे असलेला ग्रेड ५ चा १/२ इंची बोल्ट योग्य रीतीने आवळल्यास सुमारे ४,१०० किलो दाब मिळतो. घर्षणांक ०.२ धरल्यास एका पृष्ठभागाशी सुमारे ८२० किलो, तर दोन पृष्ठभागांशी १,६४० किलो बल रोखले जाते. आपला अंदाजित भार ९७० किलो होता. तेव्हा एकेरी जोडणी सरकू लागेल, दुहेरी स्थिर राहील. सरकणारी जोडणी भोक झिजवते, बोल्ट वाकवते आणि नट सैल करते.

हा दाब मिळविण्यासाठी कोरड्या आट्यांवर सुमारे १०० न्यूटन-मीटर आवळ लागतो. आट्यांना तेल लावले असेल तर तेवढ्याच आवळाने दाब वाढतो, याचे भान ठेवावे. ब्रॅकेटवरील रंगाचा जाड थर कालांतराने दबून जातो व दाब घटतो. म्हणून संपर्काचा भाग रंगविरहित ठेवावा. नट स्वतःस अडकवून धरणारा असावा. नायलॉनची कडी असलेला नट साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंत चालतो. ब्रेक अथवा एक्झॉस्टलगत पूर्ण धातूचा लॉक नट किंवा खाचांचा नट व कॉटर पिन वापरणे इष्ट.

खर्च कोठे करावा?

स्टेनलेस पोलादाचे चकचकीत बोल्ट महाग असूनही ए२-७० या सर्वसाधारण वर्गात त्यांची ताणशक्ती ७०० मेगापास्कल, म्हणजे ८.८ वर्गापेक्षाही कमी असते. शोभेसाठी कठीण बोल्टवर क्रोमचा मुलामा चढवून घेणेही धोक्याचे आहे. मुलामा देताना पोलादात शिरलेला हायड्रोजन वेळीच तापवून काढला नाही, तर बोल्ट भाराखाली काही काळाने अचानक तडकू शकतो.

खरी सावधगिरी बोल्टच्या उगमाबाबत बाळगावी. १९८० च्या दशकात अमेरिकेत ग्रेड ८ ची खूण असलेले, पण बोरॉनयुक्त स्वस्त पोलादाचे बोल्ट मोठ्या प्रमाणावर विकले गेल्याचे उघडकीस आले. १९८८ मध्ये तेथील प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीने त्यावर अहवाल दिला आणि १९९० मध्ये फास्टनर क्वालिटी अॅक्ट संमत झाला. तात्पर्य, केवळ रेषा मोजून भागत नाही. डोक्यावर उत्पादकाची खूणही असावी व विक्रेता विश्वासार्ह असावा.

अभियांत्रिकी शिक्षणातील उपयोग

हीच तत्त्वे विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला एसएई स्पर्धेच्या नियमांत आढळतात. सस्पेन्शनसाठी किमान ग्रेड ५ अथवा ८.८ वर्गाचे बोल्ट, खात्रीचे लॉकिंग आणि लॉक नटाबाहेर किमान दोन पूर्ण आटे, या त्यातील अटी आहेत. स्प्रिंग वॉशर व आट्यांना लावावयाचा चिकट द्रव यांना तेथे खात्रीचे लॉकिंग मानले जात नाही. आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघही अशा स्पर्धांसाठी वाहने बांधतात. वरील गणित यंत्र-अभिकल्पाच्या तासिकेत त्यांच्याकडून करवून घेता येईल.

निष्कर्ष

सस्पेन्शनची सुरक्षितता बोल्टच्या किमतीपेक्षा जोडणीची रचना, योग्य आवळ आणि बोल्टचा खात्रीशीर उगम यांवर अवलंबून असते. दुहेरी आधारात योग्य रीतीने बसविलेला ग्रेड ५ चा खरा बोल्ट येथे विचारात घेतलेल्या भारास पुरेसा आहे. ग्रेड ८ घेतल्यास अधिक दाब देता येतो, मात्र तो सदोष ब्रॅकेटची भरपाई करू शकत नाही. मर्यादित बचतीच्या कारागिराने म्हणूनच आधी ब्रॅकेट सुधारावा, टॉर्क पाना मिळवावा आणि पहिल्या काही प्रवासांनंतर प्रत्येक नट पुन्हा तपासावा.