वीस मिनिटे आणि एक काचेची नळी

इंदापूर तालुक्यातले अंथुर्णे हे उसाचे गाव. उसात उंदीर, उंदरांमागे घोणस. ती चावली, की डॉक्टर दोन मिलीलीटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतात आणि २० मिनिटे नळीला हात लावत नाहीत. मग ती तिरकी करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर विष भिनले आहे.

एरवी बोटाला कोयता लागला, की रक्तातले घटक एकामागून एक जागे होतात. दहावा घटक पाचव्याच्या मदतीने थ्रॉम्बिन तयार करतो. थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे बनवते, त्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी होते. या साखळीला कॅल्शियम लागते. यकृताला दहावा घटक नीट बनवायला 'के' जीवनसत्त्व लागते, जे मेथी-पालकातून मिळते.

घोणशीचे विष गोठणे थांबवत नाही, उलट भडकवते! पाचव्या आणि दहाव्या घटकाला ते जखमेशिवायच अंगभर कामाला जुंपते. फायब्रिनोजेन संपते, एकाच आवर्तनात सगळे धरण रिकामे करावे, तसे. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागते.

गंमत म्हणजे हेच विष १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये मॅकफर्लेन आणि बार्नेट या संशोधकांनी पातळ करून हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णांच्या जखमांवर लावले, रक्त थांबवायला.

घोड्यांच्या रक्तातून तयार होणारे सर्पविषरोधक औषध मुंबईच्या हाफकिन संस्थेतही बनत आले आहे. ते विष निष्प्रभ करते, पण फायब्रिनोजेन यकृतालाच नव्याने बनवावे लागते. त्याला काही तास जातात. म्हणून सहा तासांनी ती नळी पुन्हा भरली जाते.