ऐकणं लिहून ठेवणारा खेळ

‘ओसू!’ हा संगणकावरचा तालाचा खेळ आहे, आणि फुकट आहे. गाण्यावर रचलेल्या त्याच्या लेव्हलची फाईल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. आत बहुतेक आकडेच, ओळीखाली ओळ. त्यातली एखादी ओळ अशी असते: २५६,१९२,११०००,१,८.

हिची फोड करू. खेळाचं मैदान ५१२ बिंदू रुंद आणि ३८४ बिंदू उंच मानलेलं आहे. म्हणजे २५६,१९२ हा त्याचा बरोबर मध्य. ११००० म्हणजे गाणं सुरू झाल्यापासून तितके मिलिसेकंद, अर्थात ११ सेकंद. पुढचा १ सांगतो की इथे साधा गोल येईल. शेवटचा ८ सांगतो की गोल वेळेवर दाबला तर टाळी वाजेल. ८च्या जागी २ लिहिला तर शिट्टी. तीन-चार मिनिटांच्या अवघड लेव्हलमध्ये अशा हजारभर ओळी असू शकतात. त्यातली प्रत्येक जागा कुणीतरी कान लावून ठरवलेली असते, आणि त्या कामाचे त्याला पैसे मिळत नाहीत.

डीन हर्बर्ट या ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमरने १६ सप्टेंबर २००७ रोजी हा खेळ लोकांसमोर ठेवला. खेळण्याची कल्पना त्याने २००५ साली निन्टेंडो डीएसवर आलेल्या ‘ओसू! तातकाए! ओएंदान’ या जपानी खेळावरून घेतली होती. त्या खेळात गाणी कंपनीने निवडलेली, ठोके कंपनीने बसवलेले. ती संपली की खेळ संपला. हर्बर्टने फक्त आखाडा बांधला आणि लेव्हल बनवायची हत्यारं खेळणाऱ्यांच्याच हातात दिली. त्यामुळे जो खेळतो तोच उद्या दुसऱ्यासाठी लेव्हल रचतो, आणि खेळ वाढत राहतो. पुढे त्याने खेळ नव्याने लिहायला घेतला आणि त्याचा कोडही सर्वांसाठी खुला केला.

खेळायची रीत पाच मिनिटांत समजते. पडद्यावर गोल उमटतो, त्याच्याभोवती एक मोठी कडी असते, ती आकसत येते. कडी गोलाला टेकली की दाबायचं. उजव्या हातात माऊस नाहीतर चित्रकार वापरतात तसला पेन-टॅबलेट. डाव्या हाताची दोन बोटं कीबोर्डच्या झेड आणि एक्स या बटणांवर. कधी गोलाऐवजी लांब पट्टी येते, तिच्यावरून बटण न सोडता घसरत जायचं. कधी चक्र येतं, ते गरगरा फिरवायचं.

खरी गंमत पुढे आहे. वेळ पाळण्यात खेळ किती काटेकोर असावा, हे लेव्हल रचणारा ० ते १० या मापावर ठरवतो. माप ५वर असेल तर पूर्ण ३०० गुणांसाठी ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे ५० मिलिसेकंदांची मुभा मिळते. मापाची पायरी एकाने चढली की मुभा ६ मिलिसेकंदांनी घटते, आणि १०वर ती २०वर येते. एका सेकंदाचे पन्नास तुकडे केले तर त्यातला एक तुकडा.

आता माणसाचं शरीर बघा. डोळ्यांना काही दिसल्यावर बोट हलायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे ‘कडी टेकली, दाबा’ असं ठरवून कुणी खेळलं तर तो प्रत्येक ठोक्याला उशिराच पोहोचणार. तरीही जगभरातली पोरं २० मिलिसेकंदांच्या फटीत नेम धरतात, कारण ती ठोक्याची वाट बघत नाहीत. पुढचा ठोका कधी पडणार हे मेंदूने आधीच ताडलेलं असतं आणि बोट ठोका पडण्याआधीच निघालेलं असतं. मेट्रोनोमच्या टिकटिकीबरोबर टिचकी वाजवायला सांगितली तर बहुतेक माणसं कळत-नकळत काही मिलिसेकंद आधीच वाजवतात, हे मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. तालाच्या बाबतीत आपण सगळेच जरा उतावीळ असतो.

निपाणीसारख्या गावच्या माणसाला हे पटवायला प्रयोगशाळा लागत नाही. तिथल्या मिरवणुकीत हलगी-घुमकं कडाडत असतं आणि लेझीमवाल्यांची रांग वाकते, उठते, वळते. हलगी ऐकली आणि मग वाकलो, असा हिशेब तिथे कुणी करत नाही. थाप पडते त्याच क्षणी लेझमीची साखळी ताणलेली असते. ज्याला आधीचे चार ठोके अंगात भिनले, त्याला पाचवा विचारावा लागत नाही. ओसू! खेळणाऱ्याची दोन बोटं हेच करतात.

मिरवणुकीत आणखी एक गोष्ट लपलेली आहे. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. हलगीवाल्यापासून १७ मीटरवर उभ्या असलेल्या गड्याला थाप ५० मिलिसेकंद उशिरा ऐकू येते. डोळ्यांना हे कळतही नाही, पण ओसू!च्या काटेकोर मापात तो गडी दर ठोक्याला गुण घालवून बसला असता. खेळणाऱ्यांच्या संगणकातही अशीच चोरटी दिरंगाई असते. ब्लूटूथ इअरफोन आवाज पोचवायला शंभरेक मिलिसेकंद सहज खातो, म्हणून पट्टीचे खेळाडू वायरचाच हेडफोन घालतात. उरलीसुरली दिरंगाई भरून काढायला खेळात एक सेटिंग आहे: आवाज आणि चित्र यांच्यातला फरक मिलिसेकंदांत भरायचा.

लेव्हल रचणाऱ्याला पहिलं काम करावं लागतं ते मोजमापाचं. गाण्याचा पहिला ठोका नेमका कितव्या मिलिसेकंदाला पडतो आणि दोन ठोक्यांत किती अंतर आहे, हे शोधायचं. मिनिटाला १२० ठोके असतील तर अंतर ५०० मिलिसेकंद. मग त्या अंतराचे दोन, तीन, चार, सहा असे भाग पाडायचे आणि त्या खुणांवर गोल बसवायचे. मिनिटाला १८० ठोक्यांच्या गाण्यात प्रत्येक ठोक्याच्या चार भागांवर गोल ठेवले तर सेकंदाला बारा दाब होतात, एकेका बोटाच्या वाट्याला सहा.

मोजमाप झालं की निवड सुरू होते. एकाच वेळी गळा गातो, ढोल घुमतो, मागे गिटार चालू असते. गोल कुणाच्या मागे लावायचे? एक रचनाकार गायिकेच्या शब्दांमागे जातो, दुसरा ढोलाचा माग काढतो, तिसरा कडव्यात गळा आणि धृपदात ढोल धरतो. गाणं तापलं की गोल दूरदूर टाकायचे, म्हणजे हाताला झेप घ्यावी लागते. निवळलं की जवळजवळ. म्हणून एकाच गाण्याच्या दोन लेव्हल हाताला सर्वस्वी वेगळ्या लागतात. गाणं तेच, पण ते ऐकणारे कान दोन. लेव्हल खेळणं म्हणजे परक्या माणसाच्या कानाने गाणं ऐकणं, आणि तेही बोटांनी.

ही रचना लगेच अधिकृत होत नाही. इतर रचनाकार ती खेळून चुका काढतात: हा गोल ठोक्याच्या अलीकडे पडलाय, ही झेप इथे कारण नसताना घेतलीय. मग नेमलेल्या परीक्षकांपैकी किमान दोघांनी शिफारस केली की ती काही दिवस सर्वांच्या नजरेखाली राहते, आणि कुणी सबळ हरकत घेतली नाही तरच गुणतालिकेत मोजली जाते. जिच्याकडे तिचा कर्ताच फिरकत नाही, अशी अर्धवट लेव्हल चार आठवड्यांनी ‘स्मशाना’त जमा होते, खेळातल्या त्या विभागाचं नावच तसं आहे. गाण्यांच्या हक्कांचा प्रश्न मोठा होता, म्हणून काही संगीतकारांशी रीतसर करार करून त्यांची गाणी रचनाकारांना मोकळी करून दिली आहेत. खर्च चालतो तो स्वखुशीने पैसे देणाऱ्यांवर. न देणाऱ्याचंही खेळताना काही अडत नाही.

आता या खेळात हलगी बसवायची म्हटलं तर? ढोलाचा एक स्वतंत्र प्रकार त्यात आहेच. जपानी ताइको ढोलासारखा मधला घाव लाल, कडेचा निळा. हलगीच्या जाड टिपरीला एक रंग आणि बारीक काडीला दुसरा, इथपर्यंत सगळं जुळतं. अडतं ते लयीशी. स्टुडिओत यंत्राच्या टिकटिकीवर वाजवलेल्या गाण्याला एकदा ठोक्याचं अंतर दिलं की शेवटपर्यंत पुरतं. हलगी तशी वाजत नाही. ती संथ सुरू होते, गडी रंगले की चढते, आणि तो चढच तर लेझमीचा जीव. तेव्हा रचनाकाराला दर दोन-चार ठोक्यांनी नवं माप लिहावं लागेल: इथे ५०० मिलिसेकंद, इथे ४८०, इथे ४५५. खेळात तशी सोय आहे. यंत्राशिवाय वाजवलेल्या संगीतासाठी रचनाकार ती वापरतातही. काम किचकट आहे, पण हाती जे येईल ते विलक्षण असेल. हलगीवाला नेमका कुठे तापला, किती तापला आणि वळण घेताना कुठे किंचित थबकला, हे सगळं आकड्यांत उतरेल. गुरूकडून शिष्याकडे नुसतं हाताने आणि कानाने जाणारं जे कसब आहे, त्याचा हा एक लेखी पुरावा.

त्यासाठी लागतो एक साधा संगणक, एक वायरचा हेडफोन आणि वाजवणाऱ्याच्या परवानगीने केलेलं मिनिटभराचं रेकॉर्डिंग. लेव्हल अधिकृत होईल की नाही, हे परीक्षक बघतील. पण त्या एका मिनिटातली प्रत्येक थाप जागेवर बसवता बसवता जी हलगी ऐकू येईल, ती मिरवणुकीत इतकी वर्षं ऐकूनही आपल्या कानावरून तशीच निघून जात होती.