शस्त्रक्रियेनंतर अंगातले मांस का झडते?

आपल्या एरंडोल परिसरात कोणाचे पोटाचे मोठे ऑपरेशन झाले की रुग्ण घरी येतो तो वाळूनच. पंधरा दिवसांत दंड व मांड्या उतरतात. घरची मंडळी म्हणतात, 'रक्त गेले, म्हणून अशक्तपणा आला.' आमच्या मते खरे कारण बव्हंशी निराळे आहे.

१९३० च्या सुमारास ग्लासगो येथे डेव्हिड कथबर्टसन यांनी हाडे मोडलेल्या रुग्णांची लघवी तपासली. दुखापत पायाला, पण लघवीवाटे जाणारा नायट्रोजन इतका, की तो एकट्या जखमेतून येणे शक्य नव्हते. सबंध शरीरातील स्नायूंची प्रथिने मोडत होती. विद्यार्थी मित्रांनी हिशोब करून पाहावा : १ ग्रॅम नायट्रोजन म्हणजे ६.२५ ग्रॅम प्रथिन, म्हणजेच सुमारे ३० ग्रॅम मांस.

शस्त्रक्रिया ही शरीराच्या लेखी दुखापतच. कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके वाढतात, इन्सुलिनचा प्रभाव घटतो आणि स्नायूंतून अमिनो आम्ले सुटतात. त्यांपासून यकृत साखर व संरक्षक प्रथिने बनवते. जखम भरणाऱ्या पेशींनाही तीच लागतात. छप्पर शाकारण्यासाठी कणगीतले धान्य विकावे, तसा हा व्यवहार! शिवाय नवे प्रथिन बांधण्याचे काम मंदावते. स्वीडनमध्ये पित्ताशयाच्या रुग्णांत हे मोजले गेले. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतही ते टळले नाही. त्यात अंथरुणावर पडून राहणे. न हलणारा स्नायू धडधाकट माणसाचाही झडतो, म्हणून डॉक्टर लवकर चालायला लावतात.

आणि नेमके याच वेळी आपल्याकडे पथ्य सुरू होते! 'डाळीने टाके पिकतात, अंड्याने पू होतो.' टाके पिकतात ते जंतूंमुळे. डाळीचा त्यात काही दोष नाही. साबुदाण्याच्या खिरीत दुधाचे असेल तेवढेच प्रथिन. साबुदाण्यात ते जवळजवळ नाहीच. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रोज किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिन सुचवले जाते, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असते. कापूस वेचून पोट भरणाऱ्या बाईला दंडातले बळ हीच पुंजी. ती परत यायला महिने लागले, तर घराची चूल थंडावते.

आपली कळण्याची भाकरी येथे कामाची आहे. ज्वारीत लायसिन कमी, ते उडीद भरून काढतो. मात्र पोटाच्या ऑपरेशननंतर जड अन्न केव्हा सुरू करावे, हे डॉक्टरांनीच सांगावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनाचे प्रमाणही त्यांनाच विचारावे.