गाडीची उंची वाढवावी काय?

जुहूचा विमानतळ 1928 सालीं सुरू झाला. 15 ऑक्टोबर 1932 रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन याच मैदानावर उतरले. परंतु पावसाळा आला कीं हें मैदान जलमय होई, आणि टाटांची विमानसेवा तेवढ्या महिन्यांपुरता आपला मुक्काम पुण्यास हलवी. पाण्याशीं झगडत बसण्यापेक्षां त्या लोकांनीं जागाच बदलली. आज त्याच जुहूंत, दारापुढें उभ्या असलेल्या जीपकडे पाहून एखादा मुलगा वडिलांस म्हणतो, "बाबा, आपली गाडी दोन इंच उचलून घेऊं या," तेव्हां ही जुनी गोष्ट आठवण्यासारखी आहे.

मुलाची मागणी अगदींच निराधार नसते. सह्याद्रींतील कच्च्या वाटेवर गाडीचें पोट दगडास घासलें, म्हणजे उंचीची उणीव प्रत्यक्ष कानांवर येते. शिवाय 26 जुलै 2005 चा दिवस जुहू-अंधेरीचे लोक विसरलेले नाहींत. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथें 944 मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्यास तो शंभर मिलिमीटरही नव्हता. पाण्यांत बंद पडलेल्या गाड्यांतच कांहीं माणसें दगावलीं. वडिलांच्या मनांत मात्र निराळाच हिशेब चालू असतो: पैसा किती जाईल, वळणावर गाडी कलंडणार तर नाहीं, आणि घरांतील सत्तरी ओलांडलेल्या आजी तींत चढणार कशा? दोघांचेंही म्हणणें तोलून पाहावयाचें, तर उंची वाढविणें म्हणजे नेमकें काय, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

1947 सालीं महिंद्रा कंपनीनें मुंबईंत विलीस जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपचीं पुढचीं व मागचीं चाकें अखंड पोलादी आंसांवर बसविलेलीं असत, आणि आंस व सांगाडा यांच्यामध्यें पोलादी पाटे असत. पाट्यांस अधिक बाक दिला, कीं सांगाडा वर जातो. आंस मात्र जागच्या जागींच राहतो. आंसाच्या मध्यावर दांतेचक्रांचा जो गोल फुगवटा असतो, तोच बहुधा अशा गाडीचा सर्वांत सखल भाग. तो या उपायानें केसभरही वर येत नाहीं. त्यास वर आणावयाचें तर टायर मोठे घालावे लागतात, आणि टायरचा व्यास दोन इंच वाढला तर आंस एकच इंच उचलतो. 2020 सालच्या 'थार' गाडीचीं पुढचीं चाकें स्वतंत्रपणें टांगलेलीं असलीं, तरी मागें अखंड आंसच आहे. म्हणून मागच्या बाजूस हा नियम तिलाही लागू पडतो.

मग स्प्रिंगा उंच करून मिळतें काय? पोट वर गेल्यामुळें गाडी उंचवट्याच्या माथ्यावर अडकत नाहीं. पुढचा व मागचा बंपर चढणीस चटकन टेकत नाहीं. आणि मोठ्या टायरास जागा होते. हे लाभ खरे आहेत. परंतु त्यांची किंमत दुसरीकडे मोजावी लागते.

पहिली किंमत तोलाची. समजा, डाव्या व उजव्या चाकांतील अंतर 1520 मिलिमीटर आहे आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 700 मिलिमीटरवर आहे. अर्ध्या अंतरास, म्हणजे 760 ला, 700 नें भागलें असतां 1.09 येतात. हा आंकडा जितका मोठा, तितकी गाडी कलंडण्यास कठीण. सांगाडा दोन इंच उचलला, पण आंस व चाकें खालींच राहिलीं, म्हणून गुरुत्वमध्य 40 मिलिमीटर चढला असें धरूं. आतां आंकडा 1.03 होतो, स्थैर्य सुमारें पांच टक्क्यांनीं उणें झालें. टपावर सामान लादून घाटाचें वळण वेगानें घेणारास हा फरक फार महाग पडूं शकतो.

दुसरी किंमत सांध्यांची. इंजिनाची शक्ति चाकांस पोंचविणाऱ्या दांड्यांचे कोन तिरपे होतात आणि त्यांचे सांधे लवकर झिजतात. सुकाणूची व चाकांची मूळ मांडणी बदलते, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात, दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. टायर मोठे घातले तर वेगदर्शक कांटा खऱ्याहून कमी वेग दाखवितो, आणि ब्रेकांस अधिक श्रम पडतात.

पुराचें काय? येथें भ्रम सर्वांत मोठा आहे. गाडीचा तळ तीन मीटर लांब व दीड मीटर रुंद धरला, तर तळाच्या वर चढणारें दर दहा सेंटिमीटर पाणी सुमारें 450 किलोंचा भार उचलूं पाहतें. पावणेदोन टन वजनाच्या गाडीचा हा चौथा हिस्सा झाला. चाकांवरील भार असा हलका झाला, कीं वाहतें पाणी गाडीस बाजूला ढकलूं लागतें. दोन इंच उंचीनें हा क्षण केवळ पांच सेंटिमीटर लांबतो. निर्मात्यानें उपर्युक्त थारसाठीं पाण्याची मर्यादा 650 मिलिमीटर सांगितली आहे. रस्त्यावर त्याहून खोल पाणी असेल, तर गाडी घरींच ठेवणें हाच उपाय.

कायद्याचेंही बंधन आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणें, निर्मात्यानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा बदल गाडींत करतां येत नाहीं. 9 जानेवारी 2019 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें, परवानगी नसलेले भाग बसवून फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिनेपर्यंत कारावास, अगर प्रत्येक बदलास पांच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली आहे. अपघातानंतर विमा कंपनी याच बदलाकडे बोट दाखवूं शकते.

यास्तव बापलेकांनीं प्रथम हातांत मोजपट्टी घ्यावी. सपाट जागीं चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचें अंतर चारही बाजूंस मोजावें. जुन्या गाडीच्या स्प्रिंगा दबलेल्या असतात. मूळ मापाच्या नव्या जोडीनें बसविल्या, कीं हरवलेली उंची परत मिळते, आणि त्यांत कायद्याचा भंगही नाहीं. मग गाडीच्या पोटाखालीं, निर्माता देत असेल तर, त्याचाच पोलादी पत्रा बसवावा. खडबडीत वाटेस योग्य अशा नक्षीचे, पण मूळ मापाचेच टायर घ्यावे. वाळूंत शिरतांना टायरांतील हवा कमी करावी, म्हणजे त्यांचा जमिनीवरील ठसा रुंदावतो. पक्क्या रस्त्यावर येतांच ती पुन्हां भरावी. एक मजबूत दोर व एक अनुभवी सोबती, यांवांचून आडवाटेस जाऊं नये.

इतकें करून वर्षभर हिंडावें, आणि गाडी कोठें कोठें टेकली याची टिपणवही ठेवावी. पोट वारंवार टेकत असेल, तर निर्मात्याच्या अधिकृत दुकानीं चौकशी करावी आणि मान्यतेचा कागद हातीं आल्याशिवाय पैसे देऊं नयेत. फुगवटाच टेकत असेल, तर उंच स्प्रिंगांचा उपयोग नाहीं. दगड चाकांमध्यें न घेतां चाकाखालीं घेण्याची संवय लावावी. आणि वहींत नोंदी थोड्याच निघाल्या, तर वडिलांचे पैसे वांचतील, मुलाचा हात तयार होईल, आणि आजींनाही गाडींत चढतांना कोणाचा खांदा धरावा लागणार नाहीं.