पांढरा पाक, तांबडा पाक

पहाटे ४. संक्रांत चार दिवसांवर आलीय. कर्जतला उल्हासच्या काठी या दिवसांत बोचरी थंडी पडते आणि हलव्याला तीच लागते. ढग आले की काटा रुसतो. निखाऱ्यांवर राख पसरते, परात ठेवते, तीत भाजलेले तीळ. पाक एकतारी : १ किलो साखर, अर्धा लिटर पाणी, दोन चमचे दूध. दुधाने मळी वर येते, ती काढली की पाक नितळ होतो.

५ ते ८. चमचाभर पाक तिळावर सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. आधी ओलसर चिकटपणा लागतो, मग कोरडी सळसळ ऐकू येते. ती आली की पुढचा चमचा. घाई केली की गोळे होतात. बोटांची टोकं भाजून लाल होतात, पण पळीने हे काम होत नाही. तीन-चार पहाटा अशा गेल्या की तिळाला काटे फुटतात.

मदतीला आलेली शेजारची सून विचारते, "काकू, पाकात लिंबू पिळू का? गुलाबजामला पिळतो तसं."

"नको गं. लिंबाने साखर जमत नाही, आणि इथे तर ती जमायलाच हवी."

९. न्याहारीला घावन आणि काकवी. गूळ व्हायच्या आधीच कढईतून उतरवलेला तो रस कोल्हापूरकडून येतो. माझ्या मते घावनाला साखरेचा पाक कधीच शोभला नाही.

११. आता तांबडा पाक. चिक्कीचा गूळ, चमचाभर तूप, आणि इथे सगळी घाई. थेंब वाटीतल्या पाण्यात टाकते. मऊ राहिला तर अजून कच्चा. वाटीवर आपटून टण्ण वाजला की गॅस बंद, लगेच तीळ, दाण्याचं कूट, वेलची. पाण्याचा हात लावून, चटके सोसत लाडू वळायचे. दोन मिनिटं उशीर झाला तर कढईतच दगड होतो.

दुपारी ३. आधीच्या आठवड्यातला हलवा दोऱ्यात ओवते : हार, बाजूबंद, बाळाच्या बोरन्हाणासाठी मुकुट.

५. दागिन्यांचा डबा मांडीवर घेऊन खोपोली लोकल. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी. खालापूर तालुक्यातली गिऱ्हाइकं खोपोली स्टेशनवरच भेटतात.

हलवा घेताना एक दाणा तळहातावर फिरवून बघा. काटा टोचला पाहिजे.