आईच्या अनुपस्थितीतील स्तन्यपान

आई जवळ नसताना, तिने आधी काढून ठेवलेले दूध वडील, आजी, पाळणाघरातील सेविका अथवा अन्य सांभाळणाऱ्या व्यक्तीने तान्ह्या बाळाला पाजणे, यास आईच्या अनुपस्थितीतील स्तन्यपान म्हणता येईल. आईचे नोकरीवर परतणे, तिचे आजारपण, परीक्षा, प्रवास किंवा बाळाला घेऊन कुटुंबातील दुसऱ्या कोणी बाहेर जाणे, अशा प्रसंगी या व्यवस्थेची गरज पडते. आई काही तास दूर असली म्हणजे बाळाला वरचे दूध द्यावेच लागते, हा समज बरोबर नाही.

पार्श्वभूमी

जन्मानंतर पहिल्या तासाभरात स्तनपान सुरू करावे, पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे आणि त्यानंतर पूरक आहारासोबत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पहिल्या सहा महिन्यांत बाळाला पाण्याचीही आवश्यकता नसते. उन्हाळ्यातही आईच्या दुधातून पुरेसे पाणी मिळते. या काळात पाणी, घुटी, मध किंवा पाणी घातलेले गाई-म्हशीचे दूध दिल्यास जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि बाळ आईचे दूध कमी पिऊ लागते. एक वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

दूध काढण्याची पद्धत

दूध हाताने किंवा पंपाने काढता येते. हाताने काढण्यास कोणतेही उपकरण लागत नाही, म्हणून खेड्यापाड्यांतही ती पद्धत उपयोगी पडते. प्रथम हात साबणाने स्वच्छ धुवावेत. दूध ज्यात घ्यावयाचे ते रुंद तोंडाचे भांडे धुऊन, पाण्यात बुडवून किमान ५ मिनिटे उकळून घ्यावे. अंगठा स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाच्या वर व बोटे खाली ठेवून प्रथम छातीच्या दिशेने आणि मग अंगठा व बोटे एकमेकांकडे हलकेच दाबावीत व सोडावीत. स्तनाग्र ओढू अथवा चोळू नये. एका बाजूचे दूध ३ ते ५ मिनिटे काढून मग दुसरी बाजू घ्यावी व असे आलटून पालटून करावे. एकूण २० ते ३० मिनिटे लागू शकतात. निवांतपणा, कोमट पाण्याचा शेक आणि बाळाची आठवण यांमुळे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते व पान्हा लवकर फुटतो; उलट वेदना आणि ताण यांमुळे तो अडतो. प्रारंभी थोडेच दूध निघाले, तरी त्यावरून आईला दूध कमी आहे असा निष्कर्ष काढू नये. बाळ जितक्या परिणामकारकपणे दूध ओढते, तितके हाताने वा पंपाने निघेलच असे नाही.

साठवण

नुकत्याच काढलेल्या दुधासाठी सर्वसाधारणपणे पुढील मुदती पाळल्या जातात :

• २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात, खोलीत : ४ तास
• बर्फाच्या पिशव्या घातलेल्या उष्णतारोधक पिशवीत : २४ तासांपर्यंत
• शीतकपाटात (फ्रिजमध्ये) : ४ दिवसांपर्यंत
• गोठवणकप्प्यात : सुमारे ६ महिने
• गोठवलेले दूध शीतकपाटात ठेवून वितळल्यावर : २४ तास

काही भारतीय पुस्तिकांमध्ये सामान्य तापमानात ६ ते ८ तासांची मुभा दिलेली आढळते. तथापि विदर्भ-मराठवाड्यासारख्या प्रदेशांत उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दूध थंड न ठेवता इतका वेळ बाहेर राहू देणे हितावह नाही. शीतकपाटात दूध दाराच्या कप्प्यात न ठेवता आतल्या बाजूस ठेवावे, कारण दार वारंवार उघडल्याने तेथील तापमान बदलत राहते. डब्यावर दिनांक व वेळ लिहावी आणि आधी काढलेले दूध आधी वापरावे. एकदा वितळलेले दूध पुन्हा गोठवू नये.

ठेवलेल्या दुधावर स्निग्धांशाचा थर येतो. हे दूध नासल्याचे लक्षण नव्हे. भांडे हलकेच फिरवले की ते एकजीव होते. दूध गरम करण्यासाठी त्याची वाटी वा डबा कोमट पाण्यात ठेवावा. दूध थेट विस्तवावर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये. मायक्रोवेव्हमध्ये ते सर्वत्र सारखे तापत नाही आणि बाळाचे तोंड भाजू शकते. पाजण्यापूर्वी दुधाचा एक थेंब मनगटावर टाकून पाहावा.

बाहेर नेताना

बाळाला घेऊन बाहेर जाणाऱ्याने सगळे दूध एकाच डब्यात न घेता ६० ते १०० मिलिलिटरचे लहान, घट्ट झाकणाचे डबे न्यावेत. एका वेळी लागेल तेवढेच उघडले म्हणजे उरलेले वाया जात नाही. प्यालेल्या भांड्यातील उष्टे दूध २ तासांच्या आत न संपल्यास टाकून द्यावे. सोबत उकळून झाकलेली वाटी व चमचा, स्वच्छ फडके आणि थर्मासमध्ये गरम पाणी असावे. हे पाणी दूध कोमट करण्यासाठी असते, दुधात मिसळण्यासाठी नव्हे. थंड दूध बाळाला चालत असेल, तर ते गरम करण्याचीही आवश्यकता नसते.

दुधाचे प्रमाण

केवळ आईच्या दुधावर असलेले १ ते ६ महिन्यांचे बाळ दिवसाला सरासरी ७५० मिलिलिटरच्या आसपास दूध पिते. बाळागणिक यात बराच फरक पडतो. बाळ दिवसातून ८ वेळा पीत असल्यास प्रत्येक वेळी सुमारे ९० ते १०० मिलिलिटर, असा अंदाज बांधता येतो. आई ६ तास बाहेर राहणार असेल, तर दोन ते तीन वेळांचे, म्हणजे साधारण २०० ते ३०० मिलिलिटर दूध काढून ठेवावे लागते. मात्र घड्याळापेक्षा बाळाच्या खुणा महत्त्वाच्या आहेत. तोंड उघडून मान वळवणे, मुठी चोखणे, चुळबुळ करणे या भुकेच्या पहिल्या खुणा होत. रडणे ही उशिराची खूण आहे. बाळाने तोंड मिटले वा मान फिरवली की थांबावे. भांड्यातले दूध संपलेच पाहिजे, असा आग्रह धरू नये.

पाजण्याची पद्धत

बाटलीपेक्षा वाटी व चमचा अधिक सुरक्षित मानला जातो, कारण तो स्वच्छ करणे सोपे असते. बाटलीच्या बुचाची सवय लागल्याने काही बाळे अंगावर पिण्यास कुरकुर करतात. महाराष्ट्रातील घरांत पूर्वापार वापरले जाणारे चोचीचे बोंडले आणि दक्षिण भारतातील पालाडै ही याच कामाची भांडी होत. बाळाला मांडीवर जवळजवळ बसते धरून वाटीची कड खालच्या ओठाला लावावी व दूध ओठांपर्यंत येईल इतकीच वाटी कलती करावी. बाळ जिभेने दूध आपल्याकडे ओढते. दूध घशात ओतू नये. ठसका लागून ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. बाटली वापरायचीच असल्यास ती आडवी धरून मधून मधून विसावा द्यावा. पाजून झाल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढावी.

आई कामावर परतण्यापूर्वी एक-दोन आठवडे घरातील दुसऱ्या व्यक्तीने वाटीने पाजण्याचा सराव केलेला बरा. आई समोर असताना काही बाळे वाटीने पिण्याचे नाकारतात, म्हणून त्या वेळी तिने दुसऱ्या खोलीत थांबावे.

सहा महिन्यांनंतर

सहा महिने पूर्ण झाल्यावर खिमट, मऊ वरणभात, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे असे पदार्थ सुरू होतात. त्यामुळे आई बाहेर असताना पाजायच्या वेळा कमी होतात. आईचे दूध ती घरी असताना, सकाळ-संध्याकाळ व रात्री चालू ठेवता येते.

आईची काळजी

दूर असतानाही आईने साधारणपणे बाळाच्या पिण्याच्या वेळी दूध काढावे. न काढल्यास स्तन दाटून येतात, गाठ होते, प्रसंगी दाह होऊन ताप येतो. शिवाय साचलेले दूध न निघाल्यास नवे दूध तयार होण्याचे प्रमाण घटते. ताप, लालसर सूज किंवा तीव्र वेदना असल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.

कायदेशीर तरतुदी व सोयी

भारतातील प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत स्तनपानासाठी रोज दोन सुट्ट्या आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर, तसेच तेथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा, अशाही तरतुदी आहेत. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये त्या समाविष्ट आहेत. रजेपैकी ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेतल्यास कामावर परतताना बाळ जेमतेम चार महिन्यांचे असते. सहा महिने केवळ स्तन्यपान साधायचे तर दूध काढून ठेवण्यास पर्याय उरत नाही. ऊसतोड, शेतमजुरी वा घरकाम करणाऱ्या स्त्रियांपर्यंत मात्र ही रजा बहुधा पोहोचत नाही. त्यांच्याकडे शीतकपाटही नसते. बाळाला कामाच्या ठिकाणी सोबत नेणे किंवा काही तास पुरेल एवढे दूध झाकून सावलीत ठेवणे, एवढेच मार्ग त्यांना उरतात.

महाराष्ट्रात बसस्थानके व शासकीय कार्यालये यांतील स्तनपानासाठीच्या खोल्यांना ‘हिरकणी कक्ष’ असे नाव आहे. दूध विकण्यासाठी रायगडावर गेलेली हिरकणी दरवाजे बंद झाल्याने अडकली आणि घरी राहिलेल्या तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरून गेली, अशी आख्यायिका आहे. गडावरील हिरकणी बुरूज तिच्या नावाने ओळखला जातो. असे कक्ष बाळाला पाजण्याप्रमाणेच, बाळ घरी ठेवून आलेल्या आईला दूध काढण्यासाठीही उपयोगी पडतात.