जड माल हलत नाही, हा समज जिवावर बेतणारा

चिऱ्यांच्या खाणीतून बांधकामाकडे निघालेला ट्रक असो वा ग्रॅनाइटच्या लाद्या घेऊन घाट उतरणारा टेम्पो, दोर आवळण्याबाबत एक विचित्र पद्धत आढळते. हलक्या गोण्या, खोकी, गाद्या कसून बांधल्या जातात. जड वस्तू मात्र नुसत्या ठेवल्या जातात. ‘एवढे वजन कुठे हलणार?’ हा त्यामागील विचार. तो मुळातच चुकीचा आहे.

ब्रेक लागतो तेव्हा वाहन थांबते, पण माल आधीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहतो. त्याला अडवणारे असते ते केवळ हौद्याच्या तळाशी होणारे घर्षण. वजन दुप्पट झाले की घर्षण दुप्पट होते हे खरे. परंतु मालाची पुढे जाण्याची ओढही तितकीच दुप्पट होते. म्हणजे या हिशेबात वजनाचा काहीच लाभ नाही. कांद्याची गोणी ज्या ब्रेकला सरकेल, त्याच ब्रेकला तशाच तळाचा एक टनाचा दगडही सरकेल. फरक एवढाच, की गोणीने केबिनला पोचा पडेल आणि दगड केबिनमध्ये शिरेल. तळावर वाळू, भुसा किंवा पावसाचे पाणी असेल, तर घर्षण आणखी घटते.

म्हणून पहिला नियम दोराचा नव्हे, जागेचा आहे. माल पुढच्या फाळक्याला भिडलेला हवा. समजा, ताशी ५० किलोमीटर वेगातील ट्रकने जोराचा ब्रेक मारला आणि माल व फाळका यांत दोन मीटर जागा मोकळी आहे. तर माल साधारण ताशी १० ते १२ किलोमीटर वेगाने फाळक्यावर आदळतो. रिकामी जागा राहणारच असेल, तर ती लाकडी ठोकळ्यांनी भरावी.

वरून टाकलेला दोर किंवा रॅचेट पट्टा माल धरून ठेवत नाही, तो त्याला खाली दाबतो आणि त्यामुळे घर्षण वाढते. पट्टा जितका उभा, तितका दाब अधिक; जमिनीशी ३० अंशांचा कोन झाला की ताणाच्या निम्माच दाब मालावर येतो. बसक्या मालावरून आडवा ताणलेला पट्टा दिसतो घट्ट, काम करतो थोडे. युरोपीय मानकानुसार बांधणीने पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ०.८ पट, तर बाजूंना ०.५ पट जोर सोसला पाहिजे. आपल्याकडील घाटरस्त्यांची वळणे पाहता बाजूच्या बांधणीकडे होणारे दुर्लक्ष अधिक खटकते.

बेळगावहून गोव्यात येणाऱ्या भाजीचा प्रश्न वेगळा. गोण्या प्रवासात दबतात आणि निघताना कसलेला दोर काही किलोमीटरांत सैल पडतो. चोर्ला घाटाचा उतार लागण्यापूर्वी थांबून तो पुन्हा आवळणे, हे पाच मिनिटांचे काम. वजनदार माल खाली आणि मध्यभागी हवा. मागच्या चाकांच्याही मागे तो साचला, तर पुढची चाके हलकी होऊन सुकाणू ऐकेनासे होते.

कायदाही सौम्य नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा मालासाठी २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवल्याखेरीज वाहन हलवता येत नाही. हौद्याबाहेर डोकावणाऱ्या मालालाही २० हजारांचा दंड आहे. मागे एक मीटरपर्यंत सळया बाहेर ठेवण्याची पूर्वीची मुभा २०१४ मध्येच रद्द झाली. लाल फडके बांधले की चालते, ही समजूत मात्र अजून रस्त्यावर आहे.

सर्वाधिक धोका असतो तो चिऱ्यांवर वा लाद्यांशेजारी बसून जाणाऱ्या मजुरांना. नऊ बाय सहा फुटांची, २० मिलिमीटर जाडीची एकच ग्रॅनाइट लादी सुमारे २७० किलोंची असते. कलंडली तर दोघा-चौघांनाही आवरत नाही. अशा लाद्या ‘ए’ अक्षराच्या आकाराच्या लोखंडी घोडीवर, दोन्ही बाजूंना समान भार ठेवून बांधाव्यात आणि हौद्यात कुणालाही बसू देऊ नये. उतरवताना वाहन सपाट जागी उभे करावे. वाटेत सरकलेला माल दोरावर किंवा फाळक्यावर रेललेला असू शकतो. म्हणून फाळका उघडणाऱ्याने समोर नव्हे, बाजूला उभे राहावे, आणि एका बाजूच्या लाद्या सगळ्या एकदम न काढता दोन्ही बाजूंच्या आलटून पालटून उतरवाव्यात.